दगडी वाडा, त्यावर बंगला, त्यावर स्लॅब: आधी काय उतरवायचं?

चौसोपी

माण तालुक्यातला (जि. सातारा) चौसोपी वाडा. मूळ काम काळ्या दगडातलं. जोतं चार फूट, भिंती तीन फूट जाड, बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मधे दगडमातीची भर. चौक १६ × १६ फूट, भोवती सागवानी खांबांचे सोपे (उघड्या ओसऱ्या), वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). इथवर नेहमीचंच. पुढे मात्र ज्याला जे सुचलं ते त्याने केलं.

१९३५च्या आसपास रस्त्याच्या अंगाला विटांच्या तीन अर्धगोल कमानींचा पोर्च आला. त्यावर रंगीत काचांच्या खिडक्यांची एक खोली आणि तिच्यावर मंगलोरी कौलांचं दुपाखी छप्पर. म्हणजे समोरून बंगला, मागून माळवद. त्या खोलीच्या मागच्या दारात चढायला चौकात ओतीव लोखंडाचा गोल जिना.

१९७८ला चौकावर चार इंची स्लॅब पडला. गोल जिना आता स्लॅबला डोकं टेकून संपतो, पोर्चमधून दुसरा सिमेंटचा जिना काढलाय. ट्रॅक्टर आत घेता यावा म्हणून मागच्या भिंतीत शटर बसवलं आणि सोप्याचा एक खांब काढला. तिथे दोन खणांवर (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) रेल्वेच्या रुळाचा तुकडा टाकलाय.

२००९ला बाहेरच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने उठावाच्या भरल्या. दगड काळ्या ऑइलपेंटने, दरजा पांढऱ्या. आतून सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल. माळवदावर २,००० लिटरची टाकी. जुन्या दगडी पन्हळी बंद करून पावसाचं पाणी तीन इंची पीव्हीसी पाइपाने भिंतीच्या पोटातून खाली आणलंय.

आजची अवस्था: उत्तरेच्या भिंतीला बाहेरून पोट आलंय. आतून चार फुटांपर्यंत लोणा (ओलीने वर आलेले क्षार), गिलावा फुगून पडतो. स्लॅबखाली गंजाचे डाग, दोन ठिकाणी सळई उघडी. कौलं आणि माळवद मिळतात तिथे गळती.

सगळं एकदम काढणं परवडणारं नाही. क्रम काय ठेवावा? आणि तो बंगल्याचा मुखवटा ठेवायचा की मूळ वाड्याचं तोंड मोकळं करायचं?

वॉटरप्रूफवाला

आधी गळती थांबवा. वरून केमिकल कोटिंगचे दोन हात, आतून लोणा खरवडून वॉटरप्रूफ गिलावा. पोटाला बाहेरून जाळी मारून सिमेंट करा. दोन महिन्यांत मोकळे व्हाल.

ओळंबा

वरच्या प्रतिसादातलं काहीही करू नका, निदान पोटाच्या बाबतीत तरी. का ते सांगतो.

तीन फुटी भिंत ही एक भिंत नसते. बाहेरचा पदर, आतला पदर आणि मधली भर असा तो प्रकार असतो. दोन्ही पदरांना बांधून ठेवतो तो आरपार गेलेला लांब दगड. भरीची माती ओली झाली की ती मऊ होऊन खाली बसते आणि खालच्या भागात पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. आरपार दगड पुरेसे नसतील तर बाहेरचा पदर सुटतो. त्यावर जाळी आणि सिमेंट मारलं तर पोट दिसेनासं होतं आणि पाणी आतच कोंडलं जातं. पुढच्या वेळी पदर कवचासकट खाली येतो.

क्रम ठरवण्याआधी तीन मापं हवीत. पोटाच्या जागी बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे वरून ओळंबा सोडा आणि दर एक फुटाला दोरी ते भिंत अंतर लिहा. दुसरं, लाकडी ठोकणीने भिंत वाजवा. भरीव जागी आवाज बद्द येतो, सुटलेल्या जागी पोकळ. खडूने हद्द आखून घ्या. तिसरं म्हणजे टाकी आणि तो पाइप नेमके कुठल्या भिंतीवर आहेत?

आतली बाजू ओळंब्यात असेल आणि फक्त बाहेरची सुटली असेल तर काम स्थानिक आहे. दोन्ही बाजू एकाच दिशेला कलल्या असतील तर दोष पायात किंवा छपराच्या रेट्यात असतो. तो वेगळा विषय, त्याला जागेवर इंजिनियर लागेल.

चौसोपी

मापं घेतली. बाहेरून पाच फुटांच्या उंचीवर सव्वातीन इंच पोट. आतून अर्ध्या इंचाच्या आत सरळ. पोकळ आवाजाचा पट्टा नऊ फूट लांब, साधारण सहा फूट उंच. टाकी त्याच भिंतीच्या डोक्यावर आणि पाइप त्याच पट्ट्याच्या मधोमध.

ओळंबा

मग शोध संपला. भरलेली टाकी म्हणजे दोन टन, तिचा ओव्हरफ्लो आणि भिंतीत गाडलेला पाइप. पीव्हीसीचा सांधा दगडमातीच्या भिंतीत टिकत नाही. भिंत किंचित बसते, पाइप बसत नाही, आणि कोपर निसटतं. जुन्या लोकांनी पन्हळ दीड-दोन फूट बाहेर काढलेली असते ती शोभेला नव्हे. पाणी भिंतीला न शिवता लांब पडावं म्हणून.

या आठवड्यात करायचं: टाकी रिकामी करून खाली, स्वतंत्र चौथऱ्यावर. पाइपाचं वरचं तोंड बंद. दगडी पन्हळी उघडा. यात फार पैसे जात नाहीत. मग भिंत वाळू द्या, आणि तोवर बाहेरून तिरके टेकू. टेकूचं वरचं टोक थेट दगडावर नको, मधे उभी फळी घाला. पट्ट्याच्या वर माळवदाच्या ज्या कड्या (आडवी लाकडं) टेकतात त्यांनाही आतून टेकू.

पदर उतरवताना वरून खाली यायचं, खालून दगड उपसायचा नाही. एका वेळी तीन ते चार फूट लांबीच उघडायची, म्हणजे नऊ फुटांचे तीन टप्पे. मधला टप्पा शेवटी. घडीव दगडांवर थर आणि क्रम खडूने लिहा (३-७ म्हणजे तिसरा थर, सातवा दगड), समोरून फोटो, मग काढा. पुन्हा रचताना दर दोन फूट उंचीला आणि आडवं चार फुटांच्या आत एक आरपार दगड. आयएस १३८२८ या भारतीय मानकात हेच अंतर मिलिमीटरमध्ये दिलंय, ६०० आणि १,२००. तीन फूट लांब, आठ बाय सहा इंच दगड ऐंशी किलोच्या घरात जातो, चढवायला चार माणसं लागतात. असा दगड मिळत नसेल तर सव्वादोन-सव्वादोन फुटांचे दोन, शेजारी शेजारी, एक आतून एक बाहेरून, एकमेकांवरून गेलेले. चालतं.

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडी घराचीच लोकांनी धास्ती घेतली. पडझडीत दिसलं ते हेच होतं: मातीत रचलेले सुटे पदर, आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड छप्पर. तुमच्याकडे तिन्ही आहेत. कोयना फार लांब नाही, तेव्हा माळवदाचं वजन हा माझ्या मते दुसरा नंबर.

चुनेगच्ची

+१. आता दरजांबद्दल, कारण लोण्याचं मूळ तिथे आहे.

काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणजे या भिंतीला श्वास घ्यायला फक्त दरजा असतात. २००९ला नेमक्या त्याच बुजवल्या, आतून गिलाव्याने दुसरी बाजू बंद केली आणि खाली व्हिट्रिफाइड टाकून जमिनीचं तोंडही बंद केलं. पूर्वी सारवलेल्या जमिनीतून उडून जाणारी ओल आता भिंतीत चढते आणि जिथे फट मिळेल तिथे क्षार सोडून जाते. तो तुमचा चार फुटांचा लोणा. गिलावा काढला की ती रेघ कालांतराने खाली येते. वॉटरप्रूफ गिलावा केला तर ती सहा फुटांवर जाते, इतकंच.

सिमेंटची दरज काढायला हातोडी आणि अरुंद छिन्नी. ग्राइंडर मारायचाच तर फक्त दरजेच्या मधोमध एक चीर, कडेला नाही. आडव्या दरजेत फारसं बिघडत नाही. उभ्या दरजेत पातं पुढे सरकून वरच्या-खालच्या दगडावर कायमचा ओरखडा उठतो. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी एक इंच. ऑइलपेंट रिमूव्हर आणि गरम पाण्याने निघतो, दोन-तीन वेळा करावं लागतं. सँडब्लास्टिंग नको, पाथरवटाच्या छिन्नीचे घाव पुसले जातात.

गिलावा काढल्यावर भिंत तशीच दोन-तीन महिने उघडी ठेवा. क्षार पांढरी बुरशी आल्यासारखे बाहेर येतील. कोरड्या ब्रशने झाडून ते घराबाहेर टाका. पाण्याने धुतले तर परत आत जातात.

चुना कळीचाच घ्या. विरवून, गाळून, वर पाणी ठेवून किमान महिनाभर मुरवलेला. बॅगेतली पावडर अनेकदा दुकानातच हवा खाऊन मेलेली असते. प्रमाण मापाने: चुना १, सुरखी (विटेची भुकटी) १, वाळू २. सुरखी कच्च्या-मध्यम भाजलेल्या विटेची, काळ्या पडलेल्या विटेची नाही. क्रश सँड वापरायची तर धुऊन, नाहीतर तिच्यातल्या धुळीने चुना आक्रसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. गूळ-बेलफळ-हिरडा यांवर गवंडी तासभर बोलतील. गुळाचं पाणी बेताने घाला. जास्त झालं तर चुना आळत नाही आणि मुंग्या लागतात. खरं काम मळण्यात आहे. चुना मळायची घाणी नसेल तर रोलर मिक्सर, आणि पाणी जितकं कमी तितकं बरं.

भरताना दरज ओली करा, रुंद जागी दगडाच्या कपच्या ठोकून मग चुना दाबा. दगडाच्या कडेपेक्षा एक-दोन सूत आतच थांबा. दुसऱ्या दिवशी ताठ ब्रशने टोचून घ्या म्हणजे पृष्ठभाग उघडा राहतो. ओलं गोणपाट किमान आठवडाभर. एप्रिल-मेमध्ये हे काम करूच नका. दसऱ्यानंतर सुरू करा, माघापर्यंत आटपा.

आणि गवंडी "मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल" म्हणेल. त्या मुठीने चुन्याचा लवचीकपणा जातो आणि सिमेंटची ताकदही मिळत नाही.

वॉटरप्रूफवाला

स्लॅबला तरी कोटिंग चालेल ना?

ओळंबा

स्लॅब कोटिंगच्या पलीकडे गेलाय. १६ × १६ फुटांना चार इंच जाडी म्हणजे लांबीच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याइतकी. आजच्या हिशेबाने सहा इंचांच्या आसपास हवी होती. त्यामुळे तो मधे बसला, तिथे पाणी साचलं, सळई गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून खालचं कवच सुटलं. खात्री हवी तर एक कपची उडवून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलणारं रसायन) टाका. गुलाबी झालं तर काँक्रीट जिवंत, रंग आला नाही तर सळईचं संरक्षण संपलेलं.

वजन बघा. नुसता स्लॅब सहा टन, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर आणखी तीन. आणि हे सगळं नव्या खांबांवर नाही, सोप्याच्या सागवानी तुळयांवर टेकलेलं. तुळईचा वरचा माथा काँक्रीटमध्ये गाडला गेलाय, तो कुजलाय की नाही हे खालून दिसणारही नाही. पातळ पेचकस कडेने तिरका खुपसून बघा.

रुळाबद्दल लोक उगाच घाबरतात. साडेदहा फुटांना रूळ सहसा वाकत नाही. धोका टोकांना आहे. चार इंची बूड थेट खांबाच्या हस्तावर (माथ्यावरच्या लाकडी ठोकळ्यावर) टेकलं की लाकूड चिरडतं. आत्ता स्लॅबखाली चार-चार फुटांवर आणि रुळाच्या दोन्ही टोकांना टेकू द्या. स्लॅब गेल्यावर मूळ जागी खांब परत उभा करा, तळखडा (खांबाखालचा दगड) बहुतेक फरशीखाली असेलच. तोवर रुळाला काही वेल्डिंग करू देऊ नका. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो, गावातल्या वेल्डिंगने सांध्यालगत तडा जातो.

खणपट

थांबा. स्लॅब काढायच्या आधी चौकातली मोरी शोधा.

चौक उघडा झाला की पाऊस परत आत पडणार. ५० मिलिमीटर पावसात नुसत्या १६ × १६ चौकात सुमारे १,२०० लिटर पाणी येतं, सोप्याच्या उताराचं वेगळं. जुन्या चौकाला एका कोपऱ्याकडे उतार असतो आणि तिथून दगडी नाळ जोत्याखालून बाहेर जाते. बाहेरच्या बाजूने जोत्यात भोक शोधा, बहुतेक रस्ता उंचावल्याने गाडलं गेलं असेल. नाळ साफ होऊन बादलीभर पाणी बाहेर पडलेलं दिसेपर्यंत स्लॅबला हात नको. नाहीतर पहिल्याच वळवात पाणी माजघरात.

उतरवताना ब्रेकर बंद. मातीच्या भरीच्या भिंतीला तो हादरा नको. आधी कोबा, मग डायमंड कटरने दोन बाय दोन फुटांचे तुकडे, मधून कडेकडे. एक तुकडा नव्वद किलोचा, म्हणून चेनपुली आणि खाली वाळूच्या गोण्या. कटरचं पाणी ओल आलेल्या भिंतीकडे जाऊ देऊ नका. तुळईवरचा शेवटचा नऊ इंची काठ छिन्नीनेच.

आता माळवद. खालून वर: तुळई, कड्या, किलच (लाकडाच्या बारीक पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी. ही पांढरी म्हणजे गावठाणाची माती, पिढ्यान् पिढ्यांच्या राखेने-चुन्याने झालेली. काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही, म्हणून ती छपराला. दरवर्षी मृगाआधी नवा थर द्यायचा आणि जुना काढायचा नाही, त्यामुळे जाडी वाढत जाते. दर इंचाला चौरस फुटामागे जवळजवळ चार किलो, तेही कोरडी असताना. एक खड्डा घेऊन जाडी मोजा.

सहा इंचांपेक्षा जास्त जे असेल ते खरवडून काढा, पण सगळ्या खणांतून सारखं. एका बाजूचं ओझं काढून दुसऱ्या बाजूचं तसंच ठेवलं तर खांब तिरके होतात. प्लॅस्टिकचा कागद घालायचाच असेल तर लाकडाला लागून नको, वर तीन इंच माती राहील असा मधल्या थरात. उतार चाळीस फुटांना एक फूट, पन्हळीकडे. पत्र्याचं छप्पर वरून टाकायचा सल्ला कोणी तरी देईलच. तापतं, वाऱ्यात उचलतं, आणि खाली माळवदाची दुरुस्ती कायमची राहून जाते.

चौसोपी

खड्डा घेतला. सोळा इंच निघाली! मोरीचं तोंड पण सापडलं, अर्धं गटारात गाडलेलं.

मुखवट्याचं राहिलं. घरात दोन तट आहेत.

देवळी_कोनाडा

ठेवा. हौस म्हणून म्हणत नाही.

मूळ रूप म्हणजे नक्की कोणतं? १९३५चा पोर्च काढलात तर मागे जी भिंत दिसेल तिच्यात तेव्हाच खिडक्या पाडल्या गेल्यात, त्या बुजवून नवं "जुनं" तोंड बनवावं लागेल. त्यापेक्षा पोर्च बघा. चुन्यात बांधलेला आहे का? स्वतःच्या पायावर उभा आहे का? वाड्याच्या भिंतीत दात घालून जोडलाय की नुसता शेजारी टेकलाय? या काळातल्या बहुतेक जोडकामांत वीट आणि दगड यांच्यात सरळ उभी दरज असते. तिथे केसाएवढी चीर असणारच, दोन बांधकामं वेगवेगळी बसतात. ती सिमेंटने शिवू नका, मऊ चुन्याने भरा.

पोर्चच्या छतात लोखंडी गर्डर असतील तर रंग खरवडून पोटावरचा ठसा वाचा. डॉर्मन लाँग असेल तर इंग्लंडचा माल, त्या काळात इथे भरपूर यायचा. टाटा असेल तर १९१२च्या आधीचा नक्की नाही. घरातली ऐकीव तारीख तपासायला हे बरं पडतं.

१९७८चा स्लॅब आणि १९३५चा पोर्च दोन्ही विक्षिप्तच, पण पोर्च स्वतःचं वजन स्वतः वाहतो आणि स्लॅब दुसऱ्याच्या खांद्यावर बसलाय. माझा निवाडा तेवढ्यावरच.

खणपट

सहमत. आणि कौलांच्या गळतीसाठी पोर्च पाडायची गरजही नाही. कौलारू पाखं जिथे माळवदाच्या कठड्याला भिडतं तिथे बहुतेक नुसता सिमेंटचा कोन मारलेला असेल. तो दर उन्हाळ्यात सुटतो. काढून टाका. २४ गेजच्या जीआय पत्र्याची दीड फूट रुंद पन्हळ, एक कड कौलांखाली सहा इंच चढलेली, दुसरी कठड्यात इंचभर खाच घेऊन आत वळवलेली आणि चुन्याने भरलेली. उतार एकाच बाजूला, आणि तिचं पाणी माळवदावर न सोडता थेट बाहेर.

फुटकी कौलं बदलताना एक जुनं कौल दुकानात घेऊन जा. मंगळूरला पहिला कारखाना १८६५ला निघाला, नंतर किती तरी निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. पाठीवरचं कारखान्याचं नाव जुळलं नाही तर खोबणी बसत नाहीत. निरनिराळी कौलं मिसळण्यापेक्षा मागच्या पाख्यावरची काढून पुढे लावा आणि मागचं अख्खं पाखं एकाच नव्या साच्याचं करा.

चौसोपी

आणि तो गोल जिना? स्लॅब काढताना तो आधी उतरवून ठेवायचा का?

देवळी_कोनाडा

उतरवायचा, आणि तोडून नाही, खोलून. असे जिने बहुतेक मधल्या दांड्यावर एकेक पायरी ओवून रचलेले असतात. वरची टोपी आणि कठड्याचे बोल्ट काढले की पायऱ्या वरून खाली सुट्या होतात. प्रत्येकीला नंबर. गंजलेल्या बोल्टवर डिझेल टाकून दोन दिवस ठेवा. हातोडा मारायचा नाही, ओतीव लोखंड वाकत नाही, एकदम तडकतं. तडकलेल्या पायरीला वेल्डिंगच्या भानगडीत न पडता खालून पोलादी पट्टी आणि चार बोल्ट.

स्लॅबमध्ये जिन्याचा वरचा भाग ओतला गेला असेल तर तेवढा तुकडा शेवटी कापा, जिन्यापासून फूटभर लांबून, आणि उरलेलं काँक्रीट जमिनीवर आणून छिन्नीने सोडवा. परत उभा करताना मधल्या दांड्याच्या बुडाखाली काय आहे ते आधी उकरून बघा. व्हिट्रिफाइडवर टेकवू नका. खाली चौकाची जुनी दगडी फरशी लागेल, बूड तिच्यावर बसू द्या. वरचं दार पायऱ्यांच्या उंचीला परत जुळलं पाहिजे, म्हणून खोलायच्या आधी शेवटची पायरी ते उंबरा हे अंतर भिंतीवर लिहून ठेवा.